मुंबई उपनगर जिल्हा : नैसर्गिक आपत्ती व पूर्वतयारी

मुंबई बेटाच्या उत्तरेस, पश्चिमेकडे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेकडे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेला महाराष्ट्रातील एक पूर्णतः नागरी जिल्हा. बृहन्मुंबई जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑक्टोबर १९९० रोजी तो अस्तित्वात आला. मुख्यालय वांद्रे (पूर्व). अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके. घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. क्षेत्रफळ ४४६ चौ. किमी., लोकसंख्या ९३,५६,९६२ (२०११). अतिवृष्टीचा पूर, डोंगरउतारावरील दरडी आणि वादळी वारे या येथील मुख्य आपत्ती होत. त्यांपैकी पुराची नोंद सर्वांत सविस्तर झाली आहे. मात्र एकाच जागी, एकाच वेळी सर्वाधिक बळी घेतले ते दरडींनी आणि कोसळलेल्या भिंतींनी.

भूरचना : जिल्ह्याच्या मध्यभागी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची डोंगररांग आहे. दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी या चारही नद्या याच डोंगराळ भागात उगम पावतात. मिठी सुमारे १८ किमी. वाहून माहीमच्या खाडीला मिळते. डोंगर आणि समुद्र यांत अंतर थोडे असल्याने पाणी वेगाने उतरते, आणि खाली भरती असली की मुखाशीच अडते. पूर्वेकडे घाटकोपर–विक्रोळी–भांडुप ही दुसरी, कमी उंचीची टेकड्यांची ओळ आहे. खडक मुख्यतः बेसाल्टचा, मधूनमधून ज्वालामुखीय राखेचा. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या स्तंभाकार बेसाल्टचा उभा कडा प्रसिद्ध आहे. मात्र वस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो झिजून मुरूम झालेला वरचा थर.

पूर : सांताक्रूझ वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी सुमारे २,३०० मिमी. पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत तेथे ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला; त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिमी. दुपारी एका तासात सुमारे १९० मिमी. कोसळला आणि त्याच सुमारास समुद्राला भरती होती. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता तेव्हा ताशी २५ मिमी. पावसाची होती. कुर्ला, कलिना, साकीनाका, विमानतळ परिसर पाण्याखाली गेला. बाहेर पडलेली माणसे रात्रभर बसमध्ये, कार्यालयात, अनोळखी घरांच्या माळ्यांवर अडकली.

या पुरानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले (ऑगस्ट २००५) आणि डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेला आणि १९९३ मध्ये सादर झालेला ‘ब्रिमस्टोवॅड’ (बृहन्मुंबई पर्जन्यजल निचरा) अहवाल बाहेर काढण्यात आला. वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिमी. करणे आणि आठ उदंचन केंद्रे बांधणे हा त्याचा गाभा. उपनगरात इर्ला (जुहू–विलेपार्ले) व गझधरबंध (सांताक्रूझ) ही केंद्रे चालू झाली. भरतीच्या वेळी झडपा बंद करून समुद्राचे पाणी नाल्यात शिरू न देणे आणि आतले पाणी पंपाने बाहेर फेकणे हे त्यांचे काम. मोगरा नाल्यावरचे केंद्र दीर्घकाळ रखडले. अंधेरी सबवे दर मोठ्या पावसात बंद करावा लागतो, त्यामागे मोगरा नाल्याचा अपुरा निचरा हे एक प्रमुख कारण आहे. मिलन सबवेजवळ पाणी तात्पुरते साठवण्यासाठी भूमिगत टाकी बांधण्यात आली.

पुराचा धोका संपलेला नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला ३०० मिमी.हून अधिक पाऊस झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मिठीची पातळी वाढताच कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील शेकडो रहिवाशांना वेळेत हलवण्यात आले. २००५ च्या तुलनेत हा फरक मोठा आहे.

दरडी व भिंती : मुरमाच्या थरात पाणी मुरले की त्याचे वजन वाढते, कणांमधली पकड सुटते आणि थर खालच्या टणक खडकावरून घसरतो. उताराचा पायथा घर बांधण्यासाठी कापलेला असेल तर घसरण लवकर होते. वरच्या घरांची मोरी व शौचालये यांचे सांडपाणी उतारातच मुरत असल्याने पावसाळा सुरू होण्याआधीच माती ओली असते.

१२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात टेकडीचा भाग वस्तीवर आला. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत साठ ते ऐंशी यांदरम्यान आहे. २६ जुलै २००५ च्या पुराच्या दिवशीच साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरच्या आसपास माणसे गेली. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाड (पूर्व) येथे कुरारच्या पिंपरीपाडा–आंबेडकरनगर भागात टेकडीवरील जलाशयाची आवारभिंत पडली. भिंतीमागे पावसाचे पाणी तुंबले होते; ते लोंढ्याने खाली आले आणि सुमारे ३० जण दगावले. १८ जुलै २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या भारतनगरात भिंत कोसळून १९, तर काही तासांच्या आत विक्रोळीच्या सूर्यनगरात १० जणांचा मृत्यू झाला. मालाड, चेंबूर व विक्रोळी या तिन्ही घटना लोक झोपेत असताना घडल्या. इशारा मोबाइलवर आला तरी तो वाचणारे कोणी जागे नसते, ही या आपत्तीची खरी अडचण आहे.

संरक्षक भिंती बांधण्याचे काम मुख्यतः म्हाडाच्या मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाकडे आहे. भिंत जाड असून भागत नाही. तिच्या अंगात थोड्या थोड्या अंतरावर निचऱ्याची भोके ठेवावी लागतात, त्यांच्या मागे खडी भरावी लागते. कचरा, प्लास्टिक किंवा नंतर केलेल्या गिलाव्याने ही भोके बुजली की मागचे पाणी भिंतीला ढकलू लागते. भर पावसात भोके कोरडी असणे ही म्हणूनच धोक्याची खूण आहे. पाणी वाहत असलेली भिंत त्या मानाने सुरक्षित.

याच मंडळाच्या २०१० च्या सुमाराच्या पाहणीत मुंबईत ३२७ ठिकाणी २२,४८३ झोपड्या उतारांवर धोक्यात आढळल्या आणि त्यांपैकी ९,६५७ प्राधान्याने हलवण्याची शिफारस झाली. महापालिकेच्या अलीकडच्या याद्यांत सत्तरच्या आसपास दरडप्रवण ठिकाणे दाखवली जातात. दोन्ही याद्यांचे निकष वेगळे असल्याने त्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. भांडुप–विक्रोळीचा एस विभाग मात्र नेहमीच वरच्या क्रमांकांवर असतो.

पुनर्वसनाचे एक मोठे उदाहरण आहे. राष्ट्रीय उद्यानातील वस्त्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या आदेशानंतर सुमारे अकरा हजार कुटुंबांना चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली. त्याच योजनेत ७,००० रुपये भरून घराची वाट पाहणारी कुटुंबे २०१९ साली पिंपरीपाड्यात राहत होती. जमीन वन विभागाची, जिल्हाधिकाऱ्यांची, महापालिकेची, म्हाडाची की केंद्राची, यावर कोणी कोणाला हलवायचे हे ठरते, आणि तेथेच बहुतेक प्रस्ताव अडकतात. उतारावर भाड्याने राहणाऱ्यांचा पात्रता यादीत समावेश नसतो.

वादळे : ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर उतरले, उपनगराला थोडक्यात चुकले. ‘तौक्ते’ (१७ मे २०२१) किनाऱ्याला समांतर गेले, तरी सांताक्रूझला २३० मिमी. पाऊस झाला. त्याआधी महापालिकेने दहिसर (१८३), वांद्रे-कुर्ला संकुल (२४३) व मुलुंड (१५४) येथील जम्बो कोविड केंद्रांतून एकूण ५८० रुग्ण पक्क्या इमारतींच्या रुग्णालयांत हलवले होते. जिल्ह्याच्या पूर्वतयारीतील हे सर्वांत नेटके काम म्हणता येईल : इशारा, निर्णय आणि वाहतूक दोन दिवसांच्या आत.

१३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. फलक सुमारे १२० × १२० फूट होता. महापालिकेची कमाल मर्यादा ४० × ४० फूट. चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमण्यात आली.

वर्सोवा, मढ, मनोरी व गोराई येथील कोळीवाड्यांना वादळी लाटांचा थेट धोका आहे.

भूकंप : मुंबईची गणना २००२ च्या नकाशात भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये झाली होती.

उष्णता : सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश से. तापमान नोंदले गेले.

यंत्रणा : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरण आहे, पण प्रत्यक्ष कामाचा मोठा भार महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागावर व विभाग कार्यालयांवर असतो. २००५ मध्ये मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. पुढे कुलाब्याला आणि जानेवारी २०२२ मध्ये जोगेश्वरीच्या वेरावली येथे ते बसले. अग्निशमन केंद्रे व विभाग कार्यालयांच्या छपरांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. ‘आयफ्लोज–मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली १२ जून २०२० रोजी कार्यान्वित झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पावसाळ्यात मुंबईत तैनात असतात.

पूर्वतयारी : नालेसफाई, झाडांची छाटणी, सी-१ वर्गातील अतिधोकादायक इमारतींची यादी, सखल भागांत उपसा पंप आणि महापालिका शाळांत तात्पुरता निवारा ही दरवर्षीची कामे. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असल्यास लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी २४ ते ७२ तासांत वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लीन घ्यावे, असे आरोग्य विभाग सांगतो. उतारावरील घरांना मे-जूनमध्ये स्थलांतराच्या नोटिसा दिल्या जातात, पण बहुतेकांना पर्यायी घर मिळत नाही. पाऊस मोजण्यात आणि पाणी उपसण्यात जिल्ह्याने वीस वर्षांत मोठी मजल मारली. उतारावरची माणसे खाली आणण्यात मारली नाही.

भिंतीला फुगवटा येणे, जमिनीला नवी भेग पडणे, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसणे, झाड वा विजेचा खांब कलणे, उतारातून गढूळ पाणी येऊ लागणे यांपैकी एकही खूण दिसल्यास रात्र असली तरी घर सोडावे आणि महापालिकेच्या १९१६ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे.