समुद्री मत्स्यालयातील ‘ड्वार्फ एंजल’ : निवड रंग पाहून नव्हे, उन्हाळा पाहून

नागपूरच्या प्रताप नगरातून समुद्र गाठायचा तर मुंबईपर्यंत आठशे किलोमीटरहून अधिक रेल्वेप्रवास करावा लागतो. तरीही दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवण्याची हौस आता किनाऱ्यावरील शहरांपुरती उरलेली नाही. गोल्डफिश आणि गप्पी सांभाळून हात बसला, की हौशी मत्स्यपालकाची नजर समुद्री माशांकडे वळते. त्यांत ‘ड्वार्फ एंजल’ या लहानखुऱ्या, तेजस्वी रंगांच्या माशांचे आकर्षण विशेष. मात्र दुकानात रंग पाहून घेतलेला हा मासा नागपूरचा पहिला मे महिना पाहीलच, याची शाश्वती नसते. त्यामुळे कोणता मासा घ्यावा, या प्रश्नाआधी आपली टाकी त्याला सांभाळू शकेल काय, याचे उत्तर शोधणे आवश्यक ठरते.

प्रथम नावातील घोटाळा दूर केलेला बरा. आपल्याकडील बहुतेक दुकानांत नुसते ‘एंजल’ मागितल्यास गोड्या पाण्यातील उभट, त्रिकोणी आकाराचा मासा समोर येतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. समुद्री एंजल हे सर्वस्वी वेगळे कुळ होय. त्यातील ‘एम्परर एंजल’सारखे मोठे मासे दीड फुटाच्या आसपास वाढतात व घरगुती टाकीत मावत नाहीत. ‘सेंट्रोपायजी’ या प्रजातीगटातील मासे मात्र साधारण ८ ते १५ सेंटिमीटरच वाढतात. हेच ड्वार्फ एंजल.

या माशांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. नागपूरचा उन्हाळा या मर्यादेची थट्टाच करतो. शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. (३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविल्याने खळबळ उडाली होती, तो आकडा यंत्रातील दोषामुळे आल्याचे नंतर स्पष्ट झाले. मत्स्यपालकांना खरा आकडाही पुरेसा आहे.) पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. वरच्या मजल्यावरील सदनिकेत, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या टाकीत हे संकट दुपारी दोनच्या सुमारास सुरू होते आणि भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते.

विदर्भातील कोरड्या हवेत एक सोपा उपाय चालतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी थंड होते. तत्त्व आपल्या कूलरचेच. पण त्याच खोलीत कूलर सुरू असेल, तर हवा दमट होऊन पंख्याचा प्रभाव घटतो. शिवाय बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. ३०० लिटरच्या टाकीत प्रतिलिटर ३५ ग्रॅम क्षार आहेत, असे धरू. त्यातील १५ लिटर पाणी उडाले की प्रमाण जवळपास ३७ ग्रॅमवर जाते. सुटीसाठी गावाला गेलेले कुटुंब परतेपर्यंत ४५ लिटर उडाले, तर ते ४१ ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणून रोजची भर गोड्या, आरओने शुद्ध केलेल्या पाण्याचीच घालावी. खारे पाणी घालणे ही नवशिक्यांची हमखास चूक. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घातक असते. बोअरवेलचे पाणी जिभेला खारट लागले, तरी त्यातील क्षार समुद्राचे नव्हेत. मे महिन्यात वातानुकूलित खोली किंवा चिलर यांपैकी एकाची सोय होत नसेल, तर हा मासा आणूच नये, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. वीज गेल्यास पाणी खेळते ठेवण्यासाठी बॅटरीवरील एअर पंप अथवा इन्व्हर्टरची जोडणीही हवी.

दुसरी अट टाकीच्या वयाची. ड्वार्फ एंजल दिवसभर खडकांवरील शेवाळ आणि त्यात साचलेले सूक्ष्म अन्न टिपत फिरतो. नव्या, चकचकीत टाकीत त्याला टिपण्यासारखे काहीच नसते आणि पाण्यातील अमोनियाही आटोक्यात आलेला नसतो. परदेशी पुस्तके यासाठी समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ वापरण्याचा सल्ला देतात. भारतात मात्र हा सल्ला अंगलट येऊ शकतो. प्रवाळभित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. दुकानदाराने ‘दगडच तर आहे’ म्हणून प्रवाळाचा तुकडा हाती दिला, तरी तो घरी आणू नये. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम खडक वापरावेत आणि त्यांवर शेवाळ धरेपर्यंत किमान सहा महिने थांबावे. लपण्यासाठी कपारी भरपूर ठेवाव्यात. एका माशासाठी अडीचशे ते तीनशे लिटरची टाकी योग्य. पाणी, काच व खडक मिळून तिचे वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती तुळईच्या आधाराने, भिंतीलगत ठेवावी.

या दोन्ही अटी पूर्ण होत असतील, तर पहिला मासा म्हणून ‘कोरल ब्यूटी’ निवडावा. गर्द निळ्या-जांभळ्या अंगावर नारिंगी छटा असलेला हा मासा सुमारे १० सेंटिमीटर वाढतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधील बेटांपर्यंत त्याचा वावर असून तो काटक आहे व तयार खाद्य लवकर स्वीकारतो. लाल अंगावर काळे उभे पट्टे असलेला ‘फ्लेम एंजल’ दिसायला सर्वांत देखणा, निगा राखायलाही फारसा अवघड नाही. परंतु तो पॅसिफिक महासागरातून येतो आणि त्या दूरच्या प्रवासाचा ताण व खर्च दोन्ही सोबत आणतो. अर्धा पिवळा, अर्धा निळा ‘बायकलर’ अनेकांना भुरळ घालतो, पण बंदिस्त टाकीत तो पुष्कळदा काही आठवड्यांतच दगावतो. पिवळाधमक ‘लेमनपील’ शेवाळावर अधिकच अवलंबून असल्याने कमी वयाच्या टाकीत उपाशी राहतो. नवशिक्यांनी या दोघांच्या वाटेला न जाणे बरे.

आपल्याच समुद्रातील दोन मासे मात्र उपेक्षित राहतात. तपकिरी अंगाचा, परांना निळी किनार असलेला ‘मल्टिस्पाइन’ लक्षद्वीप परिसरात आढळतो. राखाडी अंगावर नारिंगी रेघा व काळी शेपटी असलेला ‘आयब्लाय’ अंदमानच्या समुद्रात असतो. दुसऱ्याच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवावी. सर्जन माशाच्या एका जातीची पिल्ले हुबेहूब या एंजलसारखी दिसतात आणि मोठेपणी २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. ओळख सोपी आहे : खऱ्या एंजलच्या कल्ल्याच्या झाकणावर, गालापाशी, मागे वळलेला टोकदार काटा असतो, सर्जन माशाचे धारदार हत्यार शेपटीच्या बुंध्याशी असते. हा गालावरचा काटा जाळीत अडकून मासा जखमी होतो. म्हणून तो जाळीने न पकडता प्लॅस्टिकच्या भांड्यात वळवून घ्यावा.

दुकानात मासा पाहताना घाई नको. तो नुकताच आला असेल, तर आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर तेथेच ठेवण्यास सांगावे. आपल्या डोळ्यांदेखत खाद्य घ्यायला लावावे. कल्ल्यांची धाप, पाठीमागे खपाटीला गेलेले अंग, डोळ्यांवरील धूसरपणा किंवा मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास परत फिरावे. आग्नेय आशियातील काही भागांत हे मासे सायनाइड फवारून पकडले गेले आहेत. असे मासे वरकरणी टवटवीत दिसतात आणि नंतर कोणतेही कारण न दिसता दगावतात; तेव्हा मासा कोठून आला, हे विचारणे ग्राहकाचा हक्कच आहे. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. ड्वार्फ एंजलची पिल्ले अतिसूक्ष्म असल्याने त्यांना जगविणे त्याहून कितीतरी कठीण. हवाईमध्ये फ्रँक बेन्श यांना या शतकाच्या आरंभी त्यात यश आले. बाजारातील बहुतेक ड्वार्फ एंजल आजही समुद्रातून पकडलेलेच असतात.

घरी आणल्यावर किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. तांब्याचा अंश असलेली औषधे या माशांना सोसत नाहीत, ती सरधोपटपणे घालू नयेत. मुख्य टाकीत ड्वार्फ एंजल सर्वांत शेवटी सोडावा, कारण तो जागेवर हक्क सांगतो व नंतर आलेल्यांना पिटाळतो. एका टाकीत एकच बरा. निसर्गात एक नर व अनेक माद्या असा त्यांचा संसार असतो आणि नर नाहीसा झाल्यास थोरली मादीच नर बनते. घरच्या टाकीत दोन नर आले तर एकाचा मृत्यू ओढवतो. खाद्यात स्पिरुलिना, मसाला न लावलेली नोरी आणि गोठविलेली सूक्ष्म कोळंबी आलटून पालटून, दिवसातून दोन-तीन वेळा थोडी थोडी द्यावी.

नागपूरचे ऋतू पाहता टाकी जुलैमध्ये उभी करावी आणि मासा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत आणावा. डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे हीटर तोवर लावलेला असावा. फेब्रुवारीत आलेल्या माशाला उन्हाळ्यापूर्वी रुळण्यास दोन महिने मिळतात. एप्रिलमध्ये हाच मासा स्वस्तात मिळत असेल, तरी घेऊ नये. पावसाळ्यात वस्तीत डासांसाठी धूरफवारणी सुरू झाली, की खिडक्या बंद करून टाकीवर ओले कापड टाकावे व तेवढा वेळ एअर पंप थांबवावा. त्या धुरातील कीटकनाशके माशांसाठी विषारी असतात आणि पंप नेमकी तीच हवा पाण्यात ओढतो.