आच घरात आली : सोलापूरच्या घरगुती ब्राउनीची पूर्वपीठिका

सोलापूरच्या अनेक घरांत आता चॉकलेट ब्राउनी सहज होते. कुणी ती ओव्हनमध्ये भाजतं, कुणी कुकरमध्ये, आणि शाकाहारी घरांत ती बहुतेक वेळा बिनअंड्याची असते. ज्वारीच्या भाकरीच्या आणि शेंगाचटणीच्या या गावात हा पदार्थ उपरा आहे, असं सर्रास म्हटलं जातं. पदार्थ बाहेरून आला हे खरंच आहे. पण तो इतक्या लवकर घरचा का झाला, याचं उत्तर नुसत्या नवलाईत सापडत नाही. कोरड्या आचेवर भाजण्याची कला मराठी घराला जुनीच होती. मधल्या काळात भाजण्याची एक मोठी शाखा घराबाहेर, बेकरीच्या भट्टीत गेली आणि तिच्याभोवती जातिधर्माच्या सोवळ्याओवळ्याचं कुंपण पडलं. ती आच पायरीपायरीने पुन्हा घरात आली. घरगुती ब्राउनी ही त्यातली सर्वांत अलीकडची पायरी आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात सोलापूरच्याच चुलीपासून करू. इथली कडक भाकरी आधी तव्यावर भाजतात आणि मग निखाऱ्याच्या धगीला लावून ठेवतात. तिच्यातली ओल पुरती निघाली की ती कडकडीत होते आणि कित्येक दिवस टिकते. रोडगा तर तव्याशिवायच होतो. कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या आरात पुरायचा, भाजला की राख झटकून फोडायचा आणि वर तूप सोडायचं. सोलापूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूर आहे, आणि एकनाथांच्या भारुडात तिथल्या भवानीला बोललेला नवस रोडग्याचाच आहे. म्हणजे सोळाव्या शतकात हा पदार्थ ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता. कोकणात काकडीची तवसोळी, पाठारे प्रभूंच्या घरी भानोळं आणि गोव्यात बेबिंक हे पदार्थ झाकणावर निखारे ठेवून, वरूनही आच देऊन भाजत आले आहेत. यावर कुणी म्हणेल की निखारे आणि ओव्हन यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. ओव्हनमध्ये आच मोजता येते आणि स्थिर ठेवता येते, हा फरक मोठा आहे हे मान्य. तरी पाण्यावाचून चहूबाजूंनी आच देऊन पीठ शिजवायचं, ही मूळ क्रिया एकच आहे आणि ती घरच्या बाईच्या हाताला ठाऊक होती.

मग पाव आणि बिस्किटं घरात का भाजली गेली नाहीत? एक कारण सरपणाचं. मोठी भट्टी एका कुटुंबासाठी तापवणं परवडत नाही. दुसरं कारण सामाजिक होतं आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. १८४९ साली दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करण्यासाठी तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, आणि त्यात रानडे-टिळकांसारखी माणसंही सापडली. पदार्थाच्या चवीबद्दल तक्रार कुणाचीच नव्हती. वाद होता तो भाजणाऱ्या हाताचा. सोलापुरात रेल्वे १८६० साली पोचली, १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि भोंग्यावर चालणाऱ्या गावाला तयार खाण्याची गरज पडू लागली. पण त्याच गावात लिंगायत, जैन आणि ब्राह्मण कुटुंबांची वस्ती मोठी होती. अंडं घरात न येणाऱ्या अशा कुटुंबांना बेकरीच्या मालाबद्दल शंका वाटणं साहजिक होतं.

या कोंडीतून वाट काढली ती नानकटाईने. तिचा उगम सुरतेचा. तिथल्या डच वखारीशी जोडलेल्या बेकरीचा वारसा पारशी दोटीवाला घराण्याने चालवला आणि नानकटाईचं श्रेय त्यांना दिलं जातं. तिच्यात अंडं लागत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावी दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, पिठीसाखर आणि तूप, किंवा १९३७ नंतर बाजारात आलेला डालडा, घरून बेकरीत न्यायचा, गोळे पत्र्याच्या ट्रेवर लावायचे, भाजणावळ द्यायची आणि गरम नानकटाई डब्यात भरून आणायची, अशी रीत रुळली. जिन्नस स्वतःचा, बहुतेकदा नजरही स्वतःची, आणि आच तेवढी बेकरीवाल्याची. एरवी शिवाशिव पाळणारी घरंही या रीतीत सामील झाली. घरगुती ब्राउनीचा पूर्वज शोधायचा तर मी दुकानातल्या केकपेक्षा या ट्रेकडे बोट दाखवीन, कारण आत काय पडतं हे आपण ठरवायचं हा आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे.

उरलेलं अंतर कुकरने कापलं. १९५९ साली हॉकिन्सचा कुकर आला आणि पुढे मध्यमवर्गीय घरात तो अटळ झाला. शिट्टी आणि रबर काढायचं, तळाशी मीठ किंवा वाळू पसरायची, वर जाळी ठेवून कुकर आधी तापवायचा आणि मग मिश्रणाचा डबा आत सोडायचा, ही युक्ती देशभर पसरली. सोलापूरकराला तीत अनोळखी काही नव्हतं. भडभुंजा शेंगा आणि फुटाणे तापलेल्या वाळूतच भाजत आला आहे. कॅडबरीची भारतातली कंपनी १९४८ साली स्थापन झाली होती. पुढे कोकोचा डबा आणि आटवलेल्या दुधाचा डबा वाण्याकडे मिळू लागला आणि सामग्री पुरी झाली.

सर्वांत नेटका आक्षेप जाणकारांचा आहे. अंडं आणि लोणी हाच ब्राउनीचा प्राण, बिनअंड्याची ती नक्कल, असं ते म्हणतात. इथे मूळ कृतीच तपासावी. ब्राउनीची एक जन्मकथा शिकागोच्या पामर हाउस हॉटेलशी आणि १८९३च्या जागतिक प्रदर्शनाशी जोडली जाते. फॅनी फार्मर यांच्या पुस्तकाच्या १९०६च्या आवृत्तीतल्या कृतीत एक कप साखरेला अर्धा कप मैदा आणि अवघं एक अंडं आहे. म्हणजे या पदार्थाचा डोलारा साखर, स्निग्धांश आणि चॉकलेट यांवर उभा आहे. स्पंज केकला फुगण्यासाठी अंड्याची हवा लागते. ब्राउनी बसकी आणि दाटच हवी. अंड्यामुळे वर येणारी तकाकीची पातळ पापडी दही किंवा आटवलेल्या दुधाने तशीच साधत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावं. पण पोत आणि चव राखता येते. कुकरची कमीजास्त आचही तिला चालते. चिकटपणा नसलेलं ज्वारीचं पीठ स्पंजला दगा देतं, ब्राउनीत मात्र खपून जातं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ वाणाच्या या जिल्ह्यात ही गोष्ट बारीक म्हणता येणार नाही. शिवाय सोलापूर एकजिनसी नाही. इथल्या पद्मशाली तेलुगू आणि मुस्लिम घरांत अंड्याला आडकाठी नाही, तिथे मूळ कृतीही सुखाने चालते.

शेवटचा आक्षेप असा, की हा सगळा मोबाइलचा आणि २०२०च्या टाळेबंदीचा परिणाम आहे. टाळेबंदीत घरोघरी भाजण्याची लाट आली हे खरं. पण लाट सगळीकडे आली आणि ओसरली. जिथे घरात बसून माल तयार करण्याची सवय होती तिथे तिचं कामात रूपांतर होणं सोपं होतं. सोलापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून संसाराला हातभार लावत आल्या आहेत. ऑर्डर घेऊन ब्राउनी करणारी बाई याच रांगेतली आहे. तिच्या कामाला हौस म्हणून बाजूला सारलं, तर कौशल्य आणि कष्ट दोन्हींवर अन्याय होतो. विडीच्या कामात पानतंबाखू कारखानदाराची असे आणि मजुरीचा दरही तोच ठरवी. ब्राउनीत जिन्नस, आच आणि किंमत, तिन्ही तिच्या हातात आहेत. सोलापूरच्या उद्योगांच्या इतिहासात गिरण्या आणि चादरींइतकीच नीट नोंद या बदलाची व्हायला हवी.