तळघरातलं युद्ध

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून बोरी नदी कोसळते आहे आणि तुम्ही कठड्याला टेकून उभे आहात. आपल्या धाराशिवकडच्या माणसाला एवढं पाणीही डोळाभर वाटतं. आता डोळे मिटा, फक्त ऐका. हा गडगडाट पाण्याचा राहिलेला नाही. तीन डिझेल इंजिनं एकदम धडधडताहेत.

४ डिसेंबर १९७१ची रात्र. भारत-पाकिस्तान युद्ध सुरू आहे. तुम्ही भारतीय नौदलाच्या 'निर्घात'च्या इंजिनरूममध्ये खलाशी आहात. ही क्षेपणास्त्र नौका जेमतेम ३९ मीटर लांब, माणसं तीसेक. सोबत 'निपात' आणि 'वीर', नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव यांचं. या नौका किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेल्या. तरी आज त्या कराचीवर चालून निघाल्यात.

शर्ट घामानं पाठीला चिकटलाय, डिझेलचा वास घशात बसलाय. बोलणं ऐकू येत नाही, हातवाऱ्यांवर काम चालतं. गावी विहिरीवरच्या इंजिनाचा बिघाड तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखायचात. इथंही तेच. ठोका चुकू द्यायचा नाही.

इथून समुद्र दिसत नाही, शत्रूही नाही. अचानक सगळी नौका हादरते. दोन टनांहून जड क्षेपणास्त्र डोक्यावरून सुटलंय. थोड्या वेळानं दुसरं. लांब अंधारात पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडते. तिच्यावरचे २००हून अधिक खलाशी परत जाणार नाहीत. तीही आयांचीच लेकरं.

तुमची नौका सुखरूप परतते. पण पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपल्या 'खुकरी' या युद्धनौकेला पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागतो. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर जातात. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक शहीद होतात. बातमी कळल्यावर इंजिनरूममधल्या तुम्हाला एकच गोष्ट आठवते: खालच्या माणसाला वर यायला सगळ्यात जास्त पायऱ्या असतात. तरीही पुढच्या पाळीला तुम्ही त्याच पायऱ्या उतरता.

डोळे उघडा. समोर बोरी वाहते आहे. त्या कराची मोहिमेच्या आठवणीत ४ डिसेंबरला देश नौदल दिन पाळतो. आपल्या समुद्र नसलेल्या जिल्ह्यात, तुमच्या गावात एखादे निवृत्त नौसैनिक असतील, तर त्या दिवशी त्यांच्या घरी जा. काय पाहिलंत, एवढंच विचारू नका. काय ऐकलंत, तेही विचारा.