ध्वनिमुद्रणाचे घड्याळ

कल्याणहून माळशेजकडे जाताना मुरबाड मागे पडले की टोकावडे लागते, आणि थोडे पुढे वैशाखरे. तिथूनच नाणेघाटाची जुनी वाट वर चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे त्यात आकड्यांनी मांडलेली आहेत. दान किती, हे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. ते यज्ञ किती दिवस चालले आणि त्यांत काय म्हटले गेले, हे त्या आकड्यांतून कळत नाही. आकडा जे मोजायला ठेवला असेल तेवढेच मोजतो. गाणी टिपण्याच्या यंत्रांवरील आकड्यांचा इतिहास पाहताना आम्हांला हे वारंवार आठवते.

पहिल्या यंत्रांवर आकडा नव्हताच. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहरजानचे गाणे त्याने मेणाच्या तबकडीवर घेतले. तिथे मर्यादा होती ती जागेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटे मावत. मध्येच थांबून पुढे जोडण्याची सोय नसल्यामुळे चूक झाली की नवे मेण घ्यावे लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत जे साधले ते थोरच आहे. पण नाट्यगृहात ‘वन्समोअर’ घेत रंगणारे पद तबकडीवरून गावोगाव पोहोचले तेव्हा पुष्कळांच्या कानांत पदाची लांबी तीच ठरली. नाटक न पाहिलेल्या पिढ्यांना तर ते पद अन्यथा कधी भेटलेच नाही.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. पुढच्या दोन-तीन दशकांत ती संग्राहकांच्या झोळीत गेली आणि तिच्याबरोबर तीन अंकांचा गणक आला. हा गणक मिनिटे मोजत नाही, चक्रीचे फेरे मोजतो. फीत गुंडाळणारी चक्री सुरुवातीला बारीक असते, म्हणून आकडे भराभर पळतात. गुंडाळी जाड झाली की तेच आकडे रेंगाळतात. म्हणून वहीत ‘गणक २५०’ असे लिहून ठेवलेले असले, तरी दुसऱ्या यंत्रावर तीच ओवी त्याच आकड्याला सापडेल याची हमी नाही. साठ मिनिटांची कॅसेट तिसाव्या मिनिटाला उलटावी लागे, मग गाणे कुठेही असो. फितीला पैसे पडत, त्यामुळे बायका आपसांत बोलू लागल्या, हसल्या, पुढची ओवी आठवू लागल्या की संग्राहकाचे बोट ‘पॉज’वर जाई. आमच्या मते खरे नुकसान या बोटाने केले आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्यावे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक आवाज जमा झाला. एवढा मोठा आवाजाचा ठेवा क्वचितच कुठल्या बोलीला मिळतो. तरीही कागदावरच्या ओव्यांच्या मानाने तो थोडाच आहे. दळण संपेपर्यंत चालणाऱ्या गाण्याला कुठली फीत पुरणार?

संगणकावर आल्यावर ही टंचाई संपली. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी बनवलेली ऑडॅसिटी २००० साली खुली झाली. फुकट असल्यामुळे आपल्याकडेही ती घरोघर पोहोचली. तिचे घड्याळ तास-मिनिटे-सेकंद दाखवते आणि सांगितले तर थेट नमुनेही मोजते. हे नमुने बहुधा सेकंदाला ४४,१०० असतात. हा आकडा मूळचा व्हिडिओ फितीचा आहे. सुरुवातीला अंकीय ध्वनी तिच्यावरच साठवीत, आणि ओळीला तीन नमुने, २४५ ओळी, सेकंदाला साठ चित्रार्धे, असा तो गुणाकार आहे. कानापेक्षा यंत्राच्या सोयीने काळ चिरला जावा, हेही जुनेच.

एवढे सूक्ष्म घड्याळही एक गोष्ट सांगत नाही. तांबडा गोल दाबला की ते चालू लागते. दोन उभ्या रेघांचे बटण दाबले की ते थांबते आणि पुन्हा दाबले की आवाज आधीच्या आवाजाला बिनसांधा चिकटतो. मध्ये पाच सेकंद गेले की दोन तास, हे पडद्यावर कुठेच उमटत नाही. चौकोन दाबून पूर्ण थांबवले तर जुन्या आवृत्त्यांत पुढचे मुद्रण खाली नव्या पट्टीवर सुरू होई, निदान तुटल्याची खूण राही. २०१७च्या २.२ आवृत्तीपासून तेही त्याच पट्टीच्या शेवटाला लागते. घड्याळ मोजते ते टिपलेल्या काळालाच, घडलेल्या काळाला नव्हे.

ठाणे जिल्ह्यातल्या वारली लग्नाचा विचार केला की यातला धोका कळतो. तिथे लग्न लावते ती धवलेरी, आणि ती गाऊनच लावते. गाणे थांबते तेव्हा विधी चाललेला असतो, आणि विधी पुढे सरकला की गाणे पुन्हा उठते. अशा वेळी ‘नुसती गाणी’ टिपणारा माणूस एका विधीची वीस गीते करून घरी नेतो. ती संग्रहात क्रमांकांनी छापली जातात, आणि पुढचा अभ्यासक त्या वीस गीतांतला संबंध शोधत बसतो.

वास्तविक आता बोट आवरायला काहीच हरकत नसावी. दोन वाहिन्यांचे तासभराचे पूर्ण प्रतीचे मुद्रण साधारण ६३५ मेगाबाइट होते. जुन्या कॅसेटच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. यंत्र चालू ठेवावे आणि आरंभी तारीख, गाव आणि मनगटावरच्या घड्याळातली वेळ तोंडाने सांगावी. जुन्या तबकडीच्या शेवटी गायिका आपले नाव सांगत, तसेच हे.

थांबवण्याचे एकच कारण आम्ही मानतो. गाणारी म्हणते, ‘हे नको भरू.’ तिथे हट्ट चालत नाही. तेव्हा यंत्र थांबवून सुरू केल्यावर कंट्रोल आणि एम या कळी दाबाव्यात. ऑडॅसिटीत त्या क्षणाला चिठ्ठी लागते. तिच्यावर लिहावे: ‘गाणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून बंद, अकरा मिनिटे.’