पन्हाळा ते विशाळगड (१६६०) : बांदल सैन्याचे सामूहिक कर्तृत्व

सह्याद्रीत आषाढ हा प्रवासाचा काळ नव्हे. घाटवाटा निसरड्या होतात, ओढे दुथडी भरून वाहतात. अशा दिवसांत, १२ जुलै १६६० च्या रात्री, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज सुमारे ६०० मावळ्यांसह निघाले. सुमारे ६० किलोमीटरवरील विशाळगड गाठावयाचा होता. या सैन्यात आजच्या भोर तालुक्यातील हिरडस मावळचे बांदल अग्रभागी होते. बाजीप्रभू देशपांडे त्यांचेच कारभारी.

शिवा काशीद यांच्या पालखीने शत्रूची दिशाभूल केली, परंतु पाठलाग थांबला नाही. तेव्हा घोडखिंडीत सैन्य विभागण्यात आले. अरुंद खिंडीमुळे शत्रूचे संख्याबळ निष्प्रभ ठरले. पुढे गेलेल्या तुकडीलाही विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे-दळव्यांचा वेढा फोडावा लागला.

बाजीप्रभूंच्या बलिदानाचे स्मरण यथोचितच आहे. तथापि खिंड एकट्याने लढविली गेली नव्हती. कारीच्या जेध्यांनी दरबारातील पहिला मान बांदलांना दिला, असे परंपरा सांगते. म्हणजे समकालीनांनी हे श्रेय समूहाचे मानले होते. त्या अनाम मावळ्यांची नोंद घेतल्याशिवाय भोर परिसराचा स्थानिक इतिहास अपूर्णच राहील.