उत्तर कोणाचे खरे?

भारतात घटक राज्ये किती, हा प्रश्न शाळकरी मुलालाही सोपा वाटावा असा आहे. तथापि, त्याच्या उत्तराचा इतिहास सोपा नाही. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर राज्यांची संख्या १४ होती. २००० साली छत्तीसगड, उत्तरांचल व झारखंड ही राज्ये निर्माण झाल्यावर ती २८ झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले आणि २९ हे उत्तर बरोबर ठरले. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर झाले आणि संख्या पुन्हा २८ वर आली. म्हणजे '२८' हे एकच उत्तर वीस वर्षांच्या आत बरोबर होते, चूक ठरले आणि पुन्हा बरोबर झाले.

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या प्रश्नमंजूषांत नित्य जे वाद माजतात, त्यांचे मूळ पुष्कळदा येथेच असते. यंत्राला सत्य ठाऊक नसते. प्रश्न रचणाऱ्याने नोंदवून ठेवलेले उत्तर तेवढे त्याला ठाऊक असते. खेळाडू म्हणतो, 'माझे उत्तर खरे आहे'. यंत्र म्हणते, 'ते नोंदीत नाही'. मग नोंद श्रेष्ठ की वस्तुस्थिती? वाद जुना आहे आणि त्याने न्यायालयांचे उंबरठेही झिजविले आहेत.

त्यातील एक प्रकरण अमेरिकेतील आहे. फ्रेड वर्थ या गृहस्थांनी किरकोळ माहितीचा एक कोश १९७४ मध्ये प्रसिद्ध केला होता. आपल्या श्रमांची कोणी चोरी केल्यास ती उघडकीस यावी म्हणून त्यांनी त्यात एक खोटी नोंद मुद्दाम पेरली. दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतील कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव 'फिलिप' असल्याचे त्यांनी लिहिले. हे नाव त्यांच्याच कल्पनेतून उतरले होते. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' हा प्रश्नोत्तरांचा खेळ घरोघर पोहोचला आणि त्याच्या एका पत्त्यावर 'फिलिप' हेच बरोबर उत्तर म्हणून अवतरले! वर्थ यांनी १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरांचा दावा लावला. आपण त्यांच्या ग्रंथाचा उपयोग केला, हे खेळाच्या निर्मात्यांनी नाकारले नाही. मात्र वस्तुस्थितीवर कोणाची मालकी असू शकत नाही, या तत्त्वावर वर्थ यांचा दावा फेटाळला गेला आणि वरिष्ठ न्यायालयानेही १९८७ मध्ये तोच निर्णय कायम केला. यातील विसंगती अशी की, ज्या उत्तरावरून हा सारा वाद पेटला, ते वस्तुस्थिती नव्हतेच. छापील ग्रंथात आहे म्हणून ते खरे मानले गेले होते, इतकेच.

खेळात अशी चूक झाली, तर फार तर एका संध्याकाळचा विरस होतो. परंतु चार पर्यायांतून एक निवडण्याची हीच पद्धत जेव्हा प्रवेशपरीक्षांत आली, तेव्हा एका उत्तरावर तरुणांची आयुष्ये अवलंबून राहू लागली. भारतात या प्रश्नाचा मूलगामी विचार झाला तो कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात. उत्तर प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी १९८२ साली घेतलेल्या पूर्वपरीक्षेनंतर विद्यापीठाने प्राश्निकांची उत्तरतालिका प्रसिद्ध केली. ती पाहताच काही विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले की, आपली उत्तरे बरोबर असून तालिकाच चुकली आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. विद्यापीठाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. परंतु १९८३ मध्ये तेथेही विद्यार्थ्यांचीच सरशी झाली.

सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी त्या निकालपत्रात घातलेला दंडक आजही प्रमाण मानला जातो. उत्तरतालिका बरोबर आहे असेच प्रथम धरून चालावे. केवळ तर्कवितर्काने ती चूक ठरवू नये. संशय असेल तेथे तालिकेलाच झुकते माप द्यावे. परंतु त्या विषयातील जाणकार ज्या उत्तराला कदापि बरोबर म्हणणार नाहीत, असे ते उत्तर असेल, तर त्याचे ओझे विद्यार्थ्यावर लादणे अन्यायाचे होय. विद्यार्थी जी पाठ्यपुस्तके वाचतात, त्यांचाच आधार या निर्णयाला होता. तालिकेची आधी तपासणी व्हावी आणि संदिग्ध प्रश्नांचे गुण धरू नयेत, असेही न्यायालयाने सुचविले. विद्यापीठाने तालिका गुप्त ठेवली असती, तर चूक उघडकीस येण्याचा मार्गच खुंटला असता, हेही येथे विसरता येत नाही.

परंतु पाठ्यपुस्तकेच परस्परांशी भांडू लागली तर काय करावे? तो प्रसंग ४१ वर्षांनी आला. ५ मे २०२४ रोजी देशभर झालेल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत, म्हणजे 'नीट'मध्ये, पदार्थविज्ञानाचा एक प्रश्न अणूंच्या स्थिरतेविषयी होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे जुन्या पाठ्यपुस्तकात होते. नव्या आवृत्तीत 'प्रत्येक' जाऊन 'बहुतेक' मूलद्रव्यांचे, अशी दुरुस्ती झाली होती. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे लक्षात घेता नवी आवृत्तीच सत्याला धरून होती. परीक्षायंत्रणेने मात्र दोन्ही उत्तरांना गुण दिले. पूर्ण गुण मिळविणाऱ्या ६७ परीक्षार्थींपैकी ४४ जणांचे यश या एका सवलतीवर उभे होते.

सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांचे मत घेण्यास सांगितले. तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचा निर्वाळा दिला आणि २३ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो स्वीकारला. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे मानकरी केवळ १७ उरले. त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. पित्याने ज्या प्रश्नाचा निवाडा केला होता, तोच नव्या रूपात पुत्रापुढे यावा, हा योग विलक्षण खरा.

या निर्णयाने सत्याची बाजू राखली, यात संशय नाही. परंतु जुने उत्तर निवडणारे विद्यार्थी चार लाखांहून अधिक होते. त्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि चुकीबद्दल आणखी एक कापला गेला. त्यांतील ज्यांनी जुन्या पुस्तकावर विसंबून उत्तर दिले, त्यांचा दोष एवढाच की, शासनमान्य पुस्तकावर त्यांनी विश्वास ठेवला. सत्य आणि न्याय यांची येथे पुरती सांगड पडली, असे म्हणवत नाही.

यावर उपाय परीक्षेनंतरच्या निवाड्यापेक्षा प्रश्न रचतानाच करावयाचा आहे. प्रश्न कोणत्या दिवसापुरता आणि कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या आवृत्तीनुसार विचारला आहे, हे आधीच सांगावे. तालिका उघड करावी. आक्षेपाला मुदत द्यावी आणि निर्णय जाणकारांकडे सोपवावा. संगणकावरील खेळ असो वा लक्षावधी मुलांची परीक्षा असो, उत्तर तपासणाऱ्याने प्रथम स्वतःचे उत्तर तपासले पाहिजे. नियम खेळ सुरू होण्यापूर्वी ठरलेले असले, म्हणजे हरणाऱ्यालाही आपला पराभव मान्य करणे जड जात नाही.