गळती
१४. जीएसएलव्ही-डी५ अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यातील इंधनगळती. १९ ऑगस्ट २०१३ रोजी श्रीहरिकोट्याला उड्डाणाला जेमतेम सव्वा तास उरला असताना ती लक्षात आली नि उलटगणती थांबवली गेली. या टप्प्यात यूएच२५ हे हायड्राझिन वर्गातले इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात. दोन्ही विषारी, आणि एकमेकांना भिडताच ठिणगीवाचून पेटणारी. पुढच्या ओळीतले ‘क्रायो’ वेगळे, त्याची गल्लत करू नये. ते तिसऱ्या टप्प्यातले भारतीय बनावटीचे इंजिन, उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रवरूप राहणाऱ्या हायड्रोजनवर चालणारे. ते निर्दोष होते. दुसरा टप्पा बदलून ५ जानेवारी २०१४ रोजी हाच अग्निबाण यशस्वीपणे उडाला. लेखकाचे अश्रू त्या दिवसाचे.